फसव्या मित्रांची झडती : फ्रेंच-इंग्रजीच्या शब्दघोळावर पाच साधनं तपासून

फ्रेंच 'एव्हाँत्युएलमाँ' म्हणजे 'कदाचित', 'तशी वेळ आलीच तर'. इंग्रजी 'इव्हेंच्युअली' म्हणजे 'अखेरीस'. अक्षरं जवळजवळ तीच, अर्थ मात्र दोन टोकांचे. करारात 'फ्रे एव्हाँत्युएल' असं लिहिलेलं असेल, तर तो 'लागलाच तर होणारा खर्च' असतो. इंग्रजीच्या सवयीनं वाचणारा त्याला 'शेवटी होणारच आहे असा खर्च' समजतो आणि तशी तरतूद करून बसतो. यात कोशाची चूक काहीच नाही. शब्द अनोळखी वाटला की माणूस कोश उघडतो. हा ओळखीचा वाटतो, म्हणून कोश उघडलाच जात नाही.

शिकणाऱ्यासाठी साधन निवडताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे. अर्थ सगळीच साधनं देतात. प्रश्न असतो गोंधळलेली जोडी सुटण्याचा, आणि जोडी सुटते ती शब्दाच्या शेजारावरून: पुढे कोणतं प्रिपोझिशन येतं, कर्ता माणूस आहे की वस्तू, कोणत्या नामाबरोबर तो शब्द सारखा दिसतो. शेजार दाखवणारं साधन कामाचं. नुसता अर्थ सांगणारं साधन घोळ आहे तिथेच ठेवतं.

या कसोटीवर पाच साधनं घासून पाहिली आहेत: वर्डरेफरन्स, लिंग्वी, सेएनएरतेएल या फ्रेंच संकेतस्थळावरचा त्रेझोर कोश, उच्चारांसाठी फोर्वो आणि पाठांतराच्या कार्डांसाठी आंकी. आंकीचं आयफोनवरचं ॲप विकत घ्यावं लागतं, संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे. बाकीची चार ब्राउझरमध्ये पैसे न देता वापरता येतात.

आधी शत्रू ओळखू. अशा शब्दांना फ्रेंचमध्ये 'फोझामी' म्हणतात, म्हणजे फसवे मित्र. हे नाव १९२८ साली मॅक्सिम कसलेर आणि ज्यूल दरोकिन्यी या दोघांच्या पुस्तकामुळे रूढ झालं. यातले बरेच शब्द मुळात एकच होते. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले आणि पुढे दोन्ही घरी वेगवेगळे वाढले. फ्रेंच 'जूर्ने' म्हणजे दिवसभराचा काळ. त्याच शब्दाची जुनी छटा 'एका दिवसाची मजल' अशी होती, ती इंग्रजीत 'जर्नी' म्हणून उरली. 'लिब्रेरी' म्हणजे आजच्या फ्रेंचमध्ये पुस्तकांचं दुकान, पण जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ग्रंथसंग्रह असाही होता. इंग्रजीनं तोच धरून ठेवला, फ्रेंचनं ग्रंथालयासाठी 'बिब्लिओतेक' घेतला. याउलट 'ब्लेसे' म्हणजे जखमी करणं आणि इंग्रजी 'ब्लेस' म्हणजे आशीर्वाद देणं, यांचं नातं काहीच नाही. ते नुसते सारखे दिसतात. मूळ एकच असलेल्या जोड्या जास्त त्रास देतात, कारण त्यांचा अर्थ काही ठिकाणी अजूनही जुळतो.

वर्डरेफरन्स

१९९९ पासून चालू असलेला हा ऑनलाइन कोश पाचांत सगळ्यात जास्त वापरला जाईल, आणि सगळ्यात जास्त वाया जातो तोही हाच. वाया जातो म्हणजे लोक पहिली ओळ वाचतात आणि पान बंद करतात. याची खरी ताकद बारीक अक्षरांत आहे. प्रत्येक शब्दापुढे संक्षेप असतात: सकर्मक क्रियापद, अकर्मक क्रियापद, प्रिपोझिशन लावून कर्म घेणारं क्रियापद. शिवाय 'कोणाला' आणि 'काय' यांसाठी चौकटी कंसांत छोट्या खुणा असतात.

'आसिस्ते' हे क्रियापद घ्या. त्याच्यापुढे 'आ' हे प्रिपोझिशन येऊन मग एखादा प्रसंग आला, तर अर्थ 'हजर राहणं'. 'आ' नसेल आणि थेट माणूस आला, तर 'मदत करणं'. म्हणजे बैठकीला आसिस्ते 'आ' करायचं आणि शस्त्रक्रियेत सर्जनला थेट आसिस्ते करायचं. कंसातल्या खुणा वाचणाऱ्याला हा फरक दहा सेकंदांत कळतो. न वाचणारा 'असिस्ट म्हणजे मदत' एवढंच घेऊन जातो आणि 'मी बैठकीला मदत केली' असं काहीतरी लिहून ठेवतो.

'माँके'चंही तसंच. या एका क्रियापदाच्या तीन बांधण्या आहेत. थेट कर्म घेतलं तर चुकणं, हुकणं: गाडी चुकली. पुढे 'द' आलं तर कमी पडणं: वेळ कमी पडतो, धीर कमी पडतो. आणि तिसरी बांधणी इंग्रजीतून येणाऱ्याला नेमकी उलटी वाटते: 'त्यू म माँक' म्हणजे 'मला तुझी आठवण येते'. इंग्रजीत आठवण काढणारा कर्ता असतो. फ्रेंचमध्ये जो जवळ नाही तो कर्ता होतो आणि ज्याला चुकल्यासारखं वाटतं तो 'म' म्हणजे 'मला' होतो. मराठी माणसानं इंग्रजी मध्ये आणलं नाही, तर हे वाक्य अजिबात परकं नाही. 'मला आठवण येते', 'मला करमत नाही', 'मला भूक लागली' अशी वाक्यं आपण दिवसभर बोलतो. अनुभव घेणाऱ्याला 'ला' लावायची सवय आपल्याला आधीपासून आहे.

वर्डरेफरन्सवर पहिली चूक होते ती दिशेची. 'सेन्सिबल' हा शब्द दोन्ही भाषांत एकाच स्पेलिंगनं लिहितात. इंग्रजीतून फ्रेंचकडे जाताना तो 'समंजस', 'व्यवहार्य' असतो आणि त्याला 'साँसे' किंवा 'रेझोनाब्ल' मिळतात. फ्रेंचमधून इंग्रजीकडे जाताना तोच 'साँसिब्ल' होतो, म्हणजे 'हळवा', 'संवेदनशील', आणि आकडेवारीच्या मजकुरात 'जाणवण्याजोगा'. शोधचौकटीत कोणती दिशा निवडली आहे ते न बघता शब्द टाकला तर उत्तर बरोबर येतं, पण भलत्याच प्रश्नाचं.

दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. जोडीतला एक शब्द उघडला की दुसरा शेजारी मांडून दिलेला नसतो. त्यासाठी परतीची फेरी स्वतः मारावी लागते. फ्रेंच शब्द टाका, आलेला पहिला इंग्रजी प्रतिशब्द उचला आणि दिशा उलटी करून तो टाका. 'आक्त्युएलमाँ' टाकलं की 'सध्या' या अर्थाचा इंग्रजी शब्द येतो आणि तो परत 'आक्त्युएलमाँ'कडेच नेतो. आता इंग्रजी 'ॲक्च्युअली' टाका. ते 'आँ फेत'कडे जातं, म्हणजे 'खरं तर'. तीन शोध, एक मिनिट, आणि दोन वेगळ्या वाटा डोळ्यांसमोर. ही फेरी न मारता नुसतं 'लक्षात ठेवीन' म्हणणं व्यर्थ आहे.

एकाच भाषेतल्या जोड्यांसाठी मात्र हा कोश अर्धाच पुरतो. 'आमने' आणि 'आपोर्ते' या दोन्हींसमोर इंग्रजी प्रतिशब्द एकच येतो. फ्रेंचचा नियम असा: जो स्वतःच्या पायांनी येतो त्याला 'मने' गटातली क्रियापदं, जे उचलून आणावं लागतं त्याला 'पोर्ते' गटातली. सुरुवातीला 'आ' असेल तर पोहोचण्याकडे लक्ष, 'आँ' असेल तर इथून नेण्याकडे. चार क्रियापदं, दोन प्रश्न. बोलताना फ्रेंच लोक स्वतः वस्तूंसाठीही 'आमने' सर्रास वापरतात, त्यामुळे ऐकताना नियम मोडलेला आढळेल. लिहिताना पाळावा.

प्रदेशांच्या खुणांसाठी या कोशाला पैकीच्या पैकी गुण. फ्रान्समध्ये 'देजने' म्हणजे दुपारचं जेवण. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, बेल्जियममध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये ती सकाळची न्याहारी. कुठला अर्थ कुठला ते शब्दाला लावलेल्या छोट्या खुणेवरून कळतं. जेवायच्या आमंत्रणाला सहा तास लवकर जायचं नसेल तर ती खूण वाचायला हवी.

लिंग्वी

हा कोश कमी आणि शोधयंत्र जास्त. २००९ साली सुरू झाला. याच मंडळींनी २०१७ मध्ये डीपएल हे भाषांतरयंत्र काढलं. शब्द टाकला की वर थोडक्यात अर्थ आणि खाली दोन स्तंभ दिसतात: डावीकडे एका भाषेतलं वाक्य, उजवीकडे प्रत्यक्ष कुठेतरी छापलेलं त्याचं भाषांतर, खाली स्रोताचा पत्ता. शेजार दाखवायच्या कसोटीवर याला तोड नाही.

'देले' या शब्दावर ते नीट दिसतं. इंग्रजीच्या 'डिले'चा अर्थ उशीर, फ्रेंच 'देले'चा अर्थ मुदत. 'देले द लिव्हरेझों' म्हणजे माल पोचवायची मुदत, तिथे उशिराचा काही संबंध नाही. उशिराला फ्रेंचमध्ये 'रतार'. इथवर कोणताही तक्ता सांगेल. लिंग्वीवर वीस वाक्यं खाली गेलात की 'साँ देले' भेटतं, आणि त्याचा अर्थ खरोखरच 'विनाविलंब' आहे. म्हणजे हा मित्र नेहमीच फसवत नाही. 'दाँ ले मेयर देले' म्हणजे 'लवकरात लवकर'. अशी अर्धवट फसवी जोडी पाठ करण्याच्या यादीत कधीच बसत नाही. ती वाक्यांच्या गर्दीतच कळते.

पण इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे. लिंग्वीच्या वाक्यांचा मोठा साठा युरोपीय संघाच्या कागदपत्रांतून आलेला आहे, आणि त्या कागदपत्रांतलं इंग्रजी अनेकदा फ्रेंच पद्धतीनं विचार करणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. युरोपीय लेखापरीक्षा न्यायालयानं २०१३ साली संघाच्या प्रकाशनांत चुकीच्या अर्थानं वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दांची सविस्तर यादीच काढली, पुढे ती सुधारून पुन्हा दिली. त्या यादीत 'कंट्रोल' आहे. फ्रेंच 'काँत्रोले' म्हणजे तपासणं, पडताळणं. संघाच्या इंग्रजीत तो 'कंट्रोल' म्हणून तसाच उतरतो, जिथे खरं इंग्रजी 'चेक' किंवा 'ऑडिट' म्हणेल. 'आसिस्ते आ'वरून आलेलं 'असिस्ट ॲट'ही तिथे आहे.

आता शिकणारा काय करतो बघा. त्याला 'काँत्रोले' म्हणजे 'कंट्रोल' असा संशय असतो. तो लिंग्वी उघडतो. सरकारी पत्त्यावरची पाच-सहा वाक्यं संशयाला दुजोरा देतात. चूक पक्की होते, वर अधिकृत शिक्काही बसतो. त्यामुळे एक नियम कटाक्षानं पाळा: ज्या भाषेत लिहायचं आहे, ते वाक्य मुळात त्याच भाषेत लिहिलेलं असलं पाहिजे. इंग्रजी शिकत असाल तर इंग्लंड-अमेरिकेतल्या संस्थांचे पत्ते निवडा, फ्रेंचसाठी फ्रान्स किंवा क्वेबेकचे. वाक्यांपुढची इशाऱ्याची त्रिकोणी खूण दिसली तर ते भाषांतर कोणी तपासलेलं नाही असं समजा. आणि एका वाक्यावर विश्वास नको. तीन वेगवेगळ्या स्रोतांतून तेच वळण दिसलं तरच वहीत उतरवा.

डीपएल किंवा तसलंच यंत्र या कामाला नको. ते वाईट आहे म्हणून नव्हे, उलट बहुतेक वेळा बरोबर भाषांतर करतं. पण एकच गुळगुळीत उत्तर समोर येतं आणि जोडी झाकली जाते. वापरायचंच तर दोन वाक्यं एकाखाली एक टाका, फक्त प्रिपोझिशनचा फरक ठेवून, आणि उत्तर कुठे बदलतं ते बघा.

सेएनएरतेएल आणि त्रेझोर

फ्रेंच राष्ट्रीय संशोधन संस्थेनं २००५ साली उभारलेलं हे संकेतस्थळ. त्यावर 'त्रेझोर द ला लाँग फ्राँसेझ' हा सोळा खंडांचा कोश पूर्ण वाचता येतो. हे खंड १९७१ ते १९९४ या काळात निघाले. एक लाख शब्द, २,७०,००० व्याख्या, ४,३०,००० उदाहरणं. सगळं फ्रेंचमध्ये. इंग्रजीचा एक शब्दही वाटेत येत नाही, आणि या विषयात तोच मोठा फायदा आहे.

वर टॅब असतात: अर्थ, व्युत्पत्ती, समानार्थी, विरुद्धार्थी वगैरे. जोडी सोडवायला समानार्थी शब्दांचा टॅब वापरा. दोन खिडक्या उघडा, एकीत 'साव्ह्वार', दुसरीत 'कॉनेत्र'. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कोणता शब्द कोणत्या बाजूला झुकतो ते दिसतं. मग अर्थाच्या टॅबमध्ये जा आणि फक्त एक गोष्ट शोधा: क्रियापदापुढे काय येतं. 'कॉनेत्र'पुढे नामच येतं: माणूस, गाव, गाणं. 'साव्ह्वार'पुढे दुसरं क्रियापद येऊ शकतं किंवा 'की' लावून पूर्ण वाक्य. 'मला पोहता येतं' हे 'साव्ह्वार'. 'तो येणार आहे हे मला माहीत आहे' हेही 'साव्ह्वार'. 'मी त्याला ओळखतो' हे 'कॉनेत्र'. 'मला हे शहर माहीत आहे' मात्र 'कॉनेत्र', आणि मराठीतून थेट उडी मारणारा नेमका इथे घसरतो, कारण आपण शहरालाही 'माहीत'च म्हणतो. अर्थावर भिस्त ठेवू नका, पुढचा शब्द बघा.

दोन ठिकाणी मात्र मराठी सरळ हात देते. 'आँताँद्र' म्हणजे ऐकू येणं, 'एकुते' म्हणजे ऐकणं. 'व्ह्वार' म्हणजे दिसणं, 'रगार्दे' म्हणजे बघणं. इंग्रजीतून समजावताना यावर परिच्छेद खर्ची पडतात. आपल्याला फरक आधीच येतो.

त्रेझोरची मर्यादा त्याच्या आखणीतच आहे. तो १७८९ ते १९६० या काळातल्या फ्रेंचचा कोश आहे. त्यानंतर आलेल्या किंवा बदललेल्या वापरासाठी तो बघू नका, आणि उदाहरणं कादंबऱ्यांतली असल्यानं जड वाटतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा कोश देऊ नये, तो घाबरेल. दुसऱ्या वर्षापासून याच्याशिवाय चालवू नये.

आजच्या वापरासाठी पूरक म्हणून क्वेबेकच्या फ्रेंच भाषा कार्यालयाची 'बाँक द देपानाज लँग्विस्तिक' बघावी. क्वेबेकमध्ये इंग्रजीचा दाब रोजचा, त्यामुळे 'एव्हाँत्युएलमाँ'सारख्या शब्दाला इंग्रजी अर्थ चिकटतो तेव्हा नेमकं काय बिघडतं, यावर तिथले छोटे लेख फार स्वच्छ आहेत.

काळाची एक जोडी, जी कुठलंच साधन नीट सांगत नाही

'दप्युई', 'पाँदाँ' आणि 'पूर'. इंग्रजीत 'फॉर' या तिन्हींच्या जागी बसतो, म्हणून कोशात तिघांसमोर तो दिसतो. 'पाँदाँ' म्हणजे पूर्ण झालेला किंवा मोजून ठेवलेला काळ: दोन तास झोपलो. 'पूर' म्हणजे पुढे आखलेला काळ: दोन आठवड्यांसाठी जातो आहे. 'दप्युई' म्हणजे मागे सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं, आणि त्याबरोबर फ्रेंच साधा वर्तमानकाळ वापरतं: 'झाबित इसी दप्युई त्र्वा झाँ', 'मी तीन वर्षांपासून इथे राहतो'. मराठी वाक्य शब्दाशब्दाला जुळतं, काळासकट.

हीच जोडी उलट्या बाजूनं इंग्रजी शिकणाऱ्याला पाडते. 'दप्युई' जसा '२०१९ पासून' आणि 'तीन वर्षांपासून' दोन्हींना चालतो, तसाच आपला 'पासून'. इंग्रजी मात्र सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स' आणि लांबीला 'फॉर' मागतं, शिवाय क्रियापद 'हॅव बीन'मध्ये हलवायला लावतं. म्हणूनच 'आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स' हे वाक्य पॅरिसचा विद्यार्थी आणि मराठी विद्यार्थी अगदी एकाच कारणानं बोलतात. उपाय: मागे घड्याळाचा किंवा कॅलेंडरचा बिंदू असेल तर 'सिन्स', मोजता येणारा आकडा असेल तर 'फॉर'.

इंग्रजी शिकणाऱ्यांना आणखी एक प्रकार छळतो: फ्रेंचचा एक शब्द आणि इंग्रजीचे दोन. 'इस्तोरिक'चे इंग्रजीत दोन होतात, 'हिस्टॉरिक' म्हणजे इतिहासात नोंद व्हावी असं, 'हिस्टॉरिकल' म्हणजे इतिहासाशी संबंधित. मराठीतही दोन्हींना 'ऐतिहासिक'च, त्यामुळे आपल्यालाही इथे मदत नाही. 'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल'ला आपल्याकडे 'आर्थिक' आणि 'कमी खर्चाचं' असे दोन वेगळे शब्द आहेत. तेच पक्के धरावेत.

फोर्वो

काही जोड्या कागदावर सुटतच नाहीत. 'दस्यू' म्हणजे वर, 'दसू' म्हणजे खाली. देवनागरीत लिहिताना नुसत्या 'य'चा फरक दिसतो, पण तो 'य' नाही. ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल करा आणि ते न हलवता आत 'ई' म्हणा. हा झाला 'दस्यू'मधला स्वर. 'दसू'मधला आपला साधा 'ऊ'. फोर्वोवर मूळ भाषकांनी स्वतः म्हटलेले शब्द ऐकायला मिळतात, बोलणारा कोणत्या देशाचा आहे तेही दिसतं. तीन जणांचा 'दस्यू' आणि तीन जणांचा 'दसू' आलटून पालटून ऐका. एकाच माणसाचा आवाज पाठ झाला तर शब्दाऐवजी आवाज ओळखला जातो.

'प्वासों' म्हणजे मासा आणि 'प्वाझों' म्हणजे विष, 'देसेर' म्हणजे गोड पदार्थ आणि 'देझेर' म्हणजे वाळवंट, यांचा नियम सोपा आहे: दोन स्वरांमध्ये एक 'एस' असेल तर 'झ', दोन असतील तर 'स'.

फोर्वोची मर्यादा 'प्ल्यूस'वर उघडी पडते. हा शब्द एकटा ऐकून काही कळत नाही. 'झाँ व्हो प्ल्यूस', शेवटचा 'स' वाजला, तर 'मला आणखी हवं'. 'झाँ व्हो प्ल्यू', 'स' गिळला, तर 'मला आता नको'. नीट लिहिताना नकाराला 'न' लागतो, बोलताना तो गळतो आणि सगळा भार त्या एका 'स'वर येतो. इथे सुटा शब्द वाजवणारं साधन अपुरं पडतं, पूर्ण वाक्यांची ध्वनिफीतच लागते.

आंकी

पाठांतराची सगळ्यात चांगली सोय, आणि गोंधळ कायमचा पक्का करायचीही. पुढे 'एव्हाँत्युएलमाँ', मागे 'कदाचित' असं कार्ड केलं, तर मेंदू कार्ड पाठ करतो. वाचताना शब्द वाक्यात येतो, तेव्हा ते कार्ड आठवत नाही. जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी टाकले तर आणखी वाईट. मग शब्द दोन, अर्थ दोन, आणि कोणाचा कोणता हेच डोक्यात फिरत राहतं.

कामाला येणारी रीत अशी. आधी जोडीतला जास्त लागणारा शब्द एकटाच घ्या. त्याची तीन वाक्यं रिकाम्या जागेच्या 'क्लोझ' प्रकारात टाका; वाक्यं लिंग्वी किंवा त्रेझोरमधून घ्या, मनानं रचू नका. दहाएक दिवस दुसऱ्याचं नावही काढू नका. मग दुसऱ्या शब्दाची तीन वाक्यं. दोन्ही सरावाची झाली की सामन्याचं कार्ड करा: एकाच कार्डावर दोन्ही रिकाम्या जागा. 'आमेन तों फ्रेर ए आपोर्त अँ पाराप्लुई', 'भावाला घेऊन ये आणि छत्री आण'. दोन्ही क्रियापदं झाकायची.

इथे एक तांत्रिक फट आहे. आंकी प्रत्येक नव्या रिकाम्या जागेला पुढचा क्रमांक देतं. मग एक जागा विचारताना दुसरी भरलेली दिसते आणि उत्तर फुटतं. दोन्ही जागांना क्रमांक १ द्या, म्हणजे त्या एकत्र झाकल्या जातात. संगणकावर कंट्रोल-शिफ्ट-सी नवा क्रमांक देतं, त्यात ऑल्ट मिळवला की आधीचाच क्रमांक राहतो.

आठवड्याला पाच जोड्या पुष्कळ झाल्या. एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की आंकी त्याला 'लीच', म्हणजे जळू, अशी खूण लावतं. गोंधळाच्या शब्दांत जळू लागली तर पुन्हा पुन्हा घोकू नका. बहुतेक वेळा वाक्यच असं असतं की त्यात दोन्ही शब्द बसतात. 'आँ' आणि 'आने' यांचं उदाहरण घ्या. दोन्ही म्हणजे वर्ष. साध्या आकड्याबरोबर 'आँ' येतो: तीन वर्षं, दहा वर्षं. 'सगळं', 'प्रत्येक', 'काही' असे शब्द आले किंवा वर्ष कसं गेलं ते सांगायचं असलं की 'आने'. पण 'गेल्या वर्षी' या अर्थी 'लाँ दर्न्ये' आणि 'लाने दर्न्येर' दोन्ही चालतात. असं वाक्य कार्डावर ठेवलं तर ते शंभर वेळाही चुकेल. ते काढा, आकड्याचं वाक्य ठेवा.

कार्डाच्या मागच्या बाजूला अर्थ इंग्रजीत लिहू नका. या पाचांपैकी एकातही मराठी स्तंभ मिळणार नाही, तो तुमचा तुम्ही भरायचा. 'लूए' म्हणजे भाड्यानं घेणं आणि भाड्यानं देणं, दोन्ही. 'आप्राँद्र' म्हणजे शिकणं, आणि पुढे 'आ' लावून माणूस आला की शिकवणं. 'ओत' म्हणजे यजमानही आणि पाहुणाही. बाई यजमान असेल तर 'ओतेस', बाई पाहुणी असेल तर 'युन ओत'. इंग्रजीत लिहिलं तर या प्रत्येकाला दोन सुटे शब्द येतात आणि त्यांचं नातं तुटतं. 'घेणं-देणं', 'शिकणं-शिकवणं' असं मराठीत लिहिलं की नातं आणि फरक दोन्ही एका ओळीत दिसतात.